रॅन्समचं भाषांतर: सी. एस. लुईसच्या गोष्टी कुठून आल्या?

हा आपल्या या वेळच्या भागाचा लेखी अवतार. लोकलमध्ये नेटवर्क जातं, ऑडिओ अडकतो, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

सुरुवात एका मेलपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, स्टँडअप मीटिंगच्या दहा मिनिटं आधी मला कंपनीचा मेल आला. त्यात बदलती बाजारपेठ होती, संघटनात्मक पुनर्रचना होती, रिसोर्सेसचं रॅशनलायझेशन होतं, आणि शेवटी माझ्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा होत्या. मी तो तीनदा वाचला. आई समोर बसून मेथी निवडत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय लिहिलंय?" मी मराठीत सांगायला लागलो, "कंपनी असं म्हणतेय की बदलत्या परिस्थितीत..." आणि अडकलो. पुढचं वाक्य मराठीत होईचना. दोन-तीनदा प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, "आई, त्यांना पैसे वाचवायचेत. म्हणून मला काढलं."

आई म्हणाली, "मग तसं लिहायचं ना."

त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे वेळच वेळ होता. फोनमध्ये कॉलेजपासून पडून असलेलं एक पुस्तक उघडलं: सी. एस. लुईसची १९३८ सालची विज्ञान कादंबरी, 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट'. आणि शेवटाकडे एक प्रसंग आला तो वाचून मी उठून बसलो. कारण तो माझ्या आणि आईच्या त्या मंगळवारचाच प्रसंग होता, फक्त मंगळ ग्रहावर घडणारा.

तो प्रसंग सांगतोच. पण तो कुठून आला हे कळायला आधी थोडं मागे जावं लागेल. आपण कोड लिहिताना शून्यातून कुणीच लिहीत नाही. दहा लायब्ररी आधी खेचतो, मग आपल्या चार ओळी. लेखकाचंही तसंच असतं. लुईसच्या गोष्टींची डिपेंडन्सी लिस्ट उघडून बघायची, एवढंच आज करायचंय.

बेलफास्टमधला 'भारत'

बहुतेकांना लुईस माहीत असतो तो २००५ च्या नार्नियाच्या सिनेमामुळे. लाकडी कपाट, पलीकडे बर्फातलं जंगल, बोलणारा सिंह, पांढरी चेटकीण. तोच हा लुईस. जन्म २९ नोव्हेंबर १८९८, आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात. वडील सॉलिसिटर. आई फ्लोरा गणित आणि तर्कशास्त्र शिकलेली. चार-पाच वर्षांचा असताना त्याने जाहीर केलं की माझं नाव जॅक. शेवटपर्यंत जवळची माणसं त्याला जॅकच म्हणायची.

घर पुस्तकांनी भरलेलं. बाहेर बेलफास्टचा पाऊस. जॅक आणि त्याचा तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉर्नी पोटमाळ्यावर बसून स्वतःचे देश तयार करायचे. जॅकच्या देशात कपडे घातलेले प्राणी होते, चिलखत चढवलेले उंदीर आणि ससे. वॉर्नीच्या देशात जहाजं आणि आगगाड्या. आणि वॉर्नीच्या देशाचं नाव काय होतं माहितीये? 'इंडिया'. हो, आपला भारत. पुढे दोघांनी दोन्ही देश जोडले आणि त्याचं 'बॉक्सन' केलं. जोडताना नकाशात अडचण आली, तर त्यांनी भारत उचलला, त्याचं बेट केलं आणि हिमालयाच्या मागे समुद्र आणून ठेवला. पोरांचा खेळ. पण हा उचलून ठेवलेला भारत लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये आई कॅन्सरने गेली. जॅक नऊ वर्षांचा होता. त्याने देवाकडे आई बरी व्हावी म्हणून मागणं केलं होतं, ते काही झालं नाही. महिन्याभराच्या आत त्याला इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत पाठवलं गेलं. किशोरवयात तो चक्क नास्तिक झाला, आणि बरीच वर्षं तसाच राहिला. त्याच काळात त्याला उत्तरेकडच्या नॉर्स पुराणकथांनी वेड लावलं: बाल्डर, सिगफ्रीड, देवांचा अंत. आर्थर रॅकमची चित्रं आणि वाग्नरचं संगीत यांतून ते त्याच्यापर्यंत आलं. विश्वास कशावरच नाही, पण हुरहुर मात्र आहे, अशी त्याची अवस्था.

दोन गुरू: एक समोर, एक पुस्तकात

१९१४ मध्ये वडिलांनी त्याला शाळेतून काढून सरे परगण्यातल्या ग्रेट बुकम गावी एका खाजगी शिक्षकाकडे ठेवलं. विल्यम किर्कपॅट्रिक. म्हातारा, उंच, कट्टर तर्कवादी आणि नास्तिक. पहिल्याच भेटीत, स्टेशनवरून घरी जाताना, लुईस आपला काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला की इथला निसर्ग वाटलं होतं त्यापेक्षा रानटी आहे. किर्कपॅट्रिकने तिथेच अडवलं. रानटी म्हणजे नेमकं काय? आणि तो रानटी नसेल असं तुला वाटलं कशाच्या आधारावर? नकाशे पाहिले होतेस? पुस्तकं वाचली होतीस? पोराकडे उत्तर नव्हतं. मग तुला या विषयावर मत असायचा अधिकार नाही, असा निकाल लागला.

आपल्यापैकी कुणी तिथे रडलं असतं. लुईसला ते प्रचंड आवडलं. शब्द वापरलास तर त्याचा अर्थ सांग आणि आधार दाखव, ही सवय त्याला तिथे लागली, आणि पुढे त्याच्या सगळ्या लिखाणात दिसते.

दुसरा गुरू स्टेशनवर भेटला. मार्च १९१६, लेदरहेड स्टेशनचा बुकस्टॉल. सतरा वर्षांच्या लुईसने तिथे एक जुनं पुस्तक विकत घेतलं: जॉर्ज मॅकडोनाल्डचं 'फँटास्टीज', १८५८ सालचं. मॅकडोनाल्ड स्कॉटिश, एके काळी चर्चमधला पाद्री, पण मतं न पटल्याने लोकांनी त्याला १८५३ मध्ये ती जागा सोडायला लावली होती. 'फँटास्टीज'मधला नायक सकाळी उठतो तर त्याच्या खोलीत झरा वाहायला लागलेला असतो, गालिच्यावरचं गवत डोलायला लागलेलं असतं, आणि तो परीराज्यात शिरतो. लुईसने नंतर लिहिलं की त्या रात्री त्याच्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला, बाकीच्या लुईसला मात्र अजून बराच वेळ लागायचा होता. मॅकडोनाल्डला तो कायम आपला गुरू मानत आला. १९४५ च्या 'द ग्रेट डिव्होर्स'मध्ये तर त्याने मॅकडोनाल्डला पात्र म्हणूनच आणलं. दांतेला जसा व्हर्जिल वाट दाखवतो, तसा इथे मॅकडोनाल्ड लुईसला वाट दाखवतो.

म्हणजे बघा, एक माणूस शब्दांना चिमट्यात पकडायला शिकवतोय, दुसरा भिंत विरघळवायला. लुईसला दोन्ही लागले.

नाणेफेक

मग पहिलं महायुद्ध. आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी लुईस फ्रान्समधल्या खंदकात पोचला. एप्रिल १९१८ मध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. वाचला. ऑक्सफर्डला परत आला, शिकला, आणि १९२५ पासून मॉडलिन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायला लागला. पुढच्याच वर्षी तिथे त्याची गाठ दुसऱ्या एका प्राध्यापकाशी पडली. जे. आर. आर. टोल्किन. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला. दोघांनाही नॉर्स पुराणांचं वेड, त्यामुळे जमलं.

१९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर लुईस, टोल्किन आणि ह्यूगो डायसन हा मित्र चालत बोलत राहिले. मुद्दा असा होता: तुला बाल्डरची गोष्ट हलवून टाकते, देव मरतो आणि परत येतो ही कल्पना तुला पुराणात आवडते, मग तीच ख्रिस्ताच्या बाबतीत आली की का खटकते? टोल्किनचं म्हणणं, ही गोष्ट पुराणकथेसारखीच काम करते, फक्त ती खरंच घडली. काही दिवसांत लुईस ख्रिस्ती झाला. त्या संवादातली बाजू तुम्हाला पटो न पटो, लेखक म्हणून त्याचं काय झालं ते महत्त्वाचं आहे: विचार आणि हुरहुर हे त्याच्यातले दोन वेगळे कप्पे होते, ते एकत्र आले.

मग साधारण १९३६-३७ च्या सुमाराला दोघांनी ठरवलं की आपल्याला वाचायला आवडतील अशा गोष्टी कुणी लिहीत नाहीये, तर आपणच लिहू. टॉस केला. लुईसच्या वाट्याला अंतराळप्रवास आला, टोल्किनच्या वाट्याला कालप्रवास. टोल्किनची कादंबरी अर्धवटच राहिली. लुईसची पूर्ण झाली, मित्रांच्या 'इंकलिंग्ज' या अड्ड्यावर वाचली गेली, आणि टोल्किनने पत्र लिहून प्रकाशकाकडे तिची वकिली केली.

वेल्सचं यान, उलटी दिशा

आता ती कादंबरी. रॅन्सम नावाचा एक भाषाशास्त्रज्ञ सुट्टीत पायी भटकत असतो. वेस्टन हा मोठा भौतिकशास्त्रज्ञ आणि डिव्हाइन हा त्याचा लोभी भागीदार त्याला बेशुद्ध करून यानात घालतात आणि मंगळावर नेतात. तिथल्या भाषेत ग्रहाचं नाव 'मलाकँड्रा'. दोघांची समजूत अशी की तिथल्या लोकांना बळी द्यायला एक माणूस हवाय.

एच. जी. वेल्स वाचलेल्यांना हा सांगाडा लगेच ओळखू येईल. १९०१ च्या 'द फर्स्ट मेन इन द मून'मध्येही एक शास्त्रज्ञ आणि एक पैशामागे लागलेला गडी गोल यानातून चंद्रावर जातात. शेवटी चंद्राचा राजा पृथ्वीबद्दल विचारतो आणि माणूस आपल्या युद्धांचं वर्णन करून बसतो. वेल्सच्याही आधी, १७२६ मध्ये, डब्लिनच्या जोनाथन स्विफ्टने गलिव्हरला राक्षसांच्या राजासमोर उभं करून हेच केलं होतं. लुईसने लहानपणी घरच्या त्या पुस्तकांत गलिव्हर वाचला होता. म्हणजे स्विफ्टकडून वेल्सकडे आणि वेल्सकडून लुईसकडे एकच फंक्शन आलंय: आपल्या संस्कृतीला परक्याच्या दरबारात उभं करा आणि बोलू द्या. लुईसने हे लपवलं नाही. कादंबरीच्या सुरुवातीच्या टिपेतच वेल्सचं ऋण मानलंय.

डेव्हिड लिंडसेच्या १९२० च्या 'अ व्हॉयेज टू आर्क्ट्युरस'कडून त्याने वेगळी गोष्ट घेतली. परग्रह म्हणजे फक्त विचित्र प्राणी आणि यंत्रं नाहीत, तिथे आत्म्याचंही साहस घडू शकतं, हे त्याला लिंडसेने दाखवलं.

पण पुस्तक लिहायला त्याला खरं ढकललं ते न पटलेल्या दोन गोष्टींनी. एक, ओलाफ स्टेपलडनची १९३० ची 'लास्ट अँड फर्स्ट मेन'. दुसरा, जे. बी. एस. हॉल्डेन या नामवंत जीवशास्त्रज्ञाचा १९२७ च्या 'पॉसिबल वर्ल्ड्स'मधला एक निबंध. दोन्हींत कोट्यवधी वर्षांचा हिशोब आहे. दोन्हींत पृथ्वी राहण्यासारखी उरत नाही आणि माणूस शुक्रावर जातो, तिथली मूळ सृष्टी संपवून. लुईसला भीती वाटली ती याची: माणसाची जात टिकली पाहिजे, बस्स, मग वाटेत कोण मेलं ते मोजायचं नाही, असा विचार हुशार लोक अगदी शांतपणे मांडत होते. वेस्टन हे पात्र त्यातून आलं.

तो प्रसंग

मंगळावरचा शासक म्हणजे 'ओयार्सा', जवळजवळ न दिसणारा एक तेजोमय जीव. त्याच्यासमोर वेस्टन आणि डिव्हाइनला आणलं जातं. वेस्टन आधी काय करतो? स्वस्त मण्यांची माळ काढून लहान मुलाला दाखवावी तशी नाचवतो. 'जंगली' लोकांशी असंच वागायचं असतं, हे त्याने पृथ्वीवर शिकलेलं असतं. मंगळावरचे लोक खो खो हसतात.

मग वेस्टन भाषण करतो. त्याला तिथली भाषा जेमतेम येते, म्हणून तो इंग्रजीत बोलतो आणि रॅन्सम भाषांतर करतो. वेस्टनच्या भाषणात संस्कृती आहे, विज्ञान, कायदा, दळणवळणाची साधनं, जीवनाची अखंड वाटचाल, आणि श्रेष्ठाचा कनिष्ठावरचा अधिकार आहे. रॅन्समची पंचाईत अशी की मंगळावरच्या भाषेत असले फुगलेले शब्दच नाहीत. त्याला प्रत्येक वाक्य उलगडून साध्या शब्दांत सांगावं लागतं. आणि उलगडलं की आत काय निघतं? कायदा म्हणजे, आमच्याकडे वाकडी माणसं खूप असतात, त्यांना कोंडणारी माणसं ठेवावी लागतात. दळणवळण म्हणजे, आम्ही जड वस्तू खूप लांब नेतो. श्रेष्ठाचा अधिकार म्हणजे, हा म्हणतो की तुम्हा सगळ्यांना मारून इथे आमची माणसं आणली तर त्यात काही वाईट नाही.

माझे शब्द आहेत हे, पुस्तकातले नाहीत, पण प्रसंग असाच चालतो. रॅन्सम वेस्टनशी वाद घालत नाही. टोमणे मारत नाही. फक्त प्रामाणिकपणे भाषांतर करतो. आणि भाषण कोसळतं.

किर्कपॅट्रिकचा तो स्टेशनवरचा प्रश्न इथे मंगळावर पोचलाय. शब्द वापरलास ना, मग अर्थ सांग. आणि हे पुस्तक १९३८ चं आहे. तेव्हा ब्रिटिश साम्राज्य पूर्ण भरात होतं आणि आपण त्यात होतो. 'संस्कृती' आणि 'प्रगती' या शब्दांचं भाषांतर आपल्या पणजोबांनी अंगावर झेललेलं आहे. त्यामुळे हा प्रसंग आपल्याला जरा जास्तच कळतो.

हॉल्डेनचा हल्ला

ज्याच्यावर तीर सोडला त्याने उत्तर दिलं. १९४६ मध्ये हॉल्डेनने लुईसच्या तिन्ही अंतराळ कादंबऱ्यांवर खरमरीत लेख लिहिला. तक्रार अशी की लुईसचं विज्ञान कच्चं आहे आणि तो शास्त्रज्ञांना खलनायक करतो. लुईसने उत्तर लिहिलं, पण ते छापून आलं त्याच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये. त्याचं म्हणणं, माझा राग विज्ञानावर नाही. विज्ञानाचा झगा घालून येणाऱ्या एका नीतीवर आहे. 'दॅट हिडियस स्ट्रेंग्थ'मधला एकमेव खरा मोठा शास्त्रज्ञ त्या दुष्ट संस्थेतून बाहेर पडायला निघतो आणि म्हणून मारला जातो, हेही त्याने दाखवून दिलं.

आणि मला आवडतो तो भाग पुढे आहे. हाच हॉल्डेन १९५७ मध्ये ब्रिटन सोडून भारतात आला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, इथलं नागरिकत्व घेतलं, आणि १ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरमध्ये वारला. ज्याच्या निबंधातून साम्राज्यवादी वेस्टन जन्मला, तो स्वतः साम्राज्य सोडून आपल्यात राहायला आला! निबंधावरून माणूस ओळखता येत नाही, हा धडा लुईसच्या चाहत्यांनीही घ्यायला हवा.

आकाश रिकामं नाही

त्रयीतल्या बाकी दोन पुस्तकांचं थोडक्यात सांगतो. लुईसची रोजची नोकरी मध्ययुगीन साहित्य शिकवण्याची. त्या काळच्या लोकांना आकाश म्हणजे काळी पोकळी वाटत नसे. तिथे प्रकाश होता, संगीत होतं, एकेका ग्रहाला एकेक स्वभाव होता. रॅन्सम यानात बसतो तेव्हा त्याला हेच कळतं: 'स्पेस' हा शब्द चुकीचाय, हे तर भरलेलं आहे. 'ओयार्सा' हा शब्दही लुईसने बाराव्या शतकातल्या बर्नार्डस सिल्व्हेस्ट्रिस या कवीच्या लॅटिन ग्रंथातून उचललाय. विज्ञानकथेच्या इंजिनवर त्याने मध्ययुगाचं आकाश चढवलं.

'पेरेलँड्रा' १९४३ ची, शुक्रावरची. त्याच्या आदल्याच वर्षी लुईसने मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'वर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. कादंबरीत तरंगत्या बेटांचा समुद्र आहे, एक नवी ईव्ह आहे, आणि तिला मोहात पाडायला सैतान वेस्टनचं शरीर घेऊन येतो. प्रश्न असा की या वेळी तरी ती नाही म्हणेल का?

तिसरी, 'दॅट हिडियस स्ट्रेंग्थ', १९४५ ची, पृथ्वीवरच घडते. तिच्यावर मित्र चार्ल्स विल्यम्सची छाप आहे. आधुनिक इंग्लंडमध्ये मर्लिन जागा होतो, आणि 'नाइस' नावाची एक सरकारी संशोधन संस्था अख्खं गाव गिळायला निघते. जॉर्ज ऑर्वेलने हिरोशिमानंतर दहाच दिवसांनी तिचं परीक्षण लिहिलं. सत्तेला चटावलेले शास्त्रज्ञ त्याला पटले, मर्लिन आणि देवदूत नाही पटले. खरं सांगू? मलाही ते पुस्तक जरा गर्दीचं वाटतं.

कपाट आणि सफरचंद

नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ मध्ये आली. तिथेही तीच पद्धत. बर्फात छत्री आणि पुडकी घेऊन जाणारा शेळीच्या पायांचा माणूस लुईसच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होता. लंडनची मुलं बॉम्बच्या भीतीने गावाकडे पाठवली गेली, त्यांतली काही १९३९ मध्ये त्याच्या घरी राहिली, तिथून चार भावंडं आली. बर्फाची राणी अँडरसनच्या गोष्टीत आधीच होती. 'अस्लान' म्हणजे तुर्की भाषेत सिंह, हा शब्द त्याला अरबी सुरस कथांच्या लेनकृत आवृत्तीच्या टिपांत सापडला. आणि ईडिथ नेस्बिट! तिच्या गोष्टींत साधी भांडकुदळ भावंडं जादूत सापडतात, तिच्या 'द स्टोरी ऑफ द अम्युलेट'मध्ये बॅबिलोनची राणी लंडनमध्ये येऊन धुमाकूळ घालते. लुईसच्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये चेटकीण जेडिस अगदी तेच करते. टोल्किनला ही मिसळ आवडली नाही. एकाच गोष्टीत रोमन फॉन, नॉर्स बुटके आणि सांताक्लॉज? त्याला हे ढिलं काम वाटलं.

पण त्याच पुस्तकात, मिसळीच्या खाली, एक गोष्ट कुणाचीच उसनी नाही. डिगरी नावाच्या मुलाची आई मरायला टेकलेली असते. त्याच्या हातात एक जादूचं सफरचंद असतं. चेटकीण म्हणते, चोरून ने, आईला दे, ती वाचेल. तो तसं करत नाही, मोह गिळतो, सफरचंद ज्याला द्यायचं त्याला देतो. मग अस्लान स्वतः त्याला दुसरं देतो. आई ते खाते, आणि बरी होते. १९०८ मध्ये नऊ वर्षांच्या पोराला जे मिळालं नाही, ते छप्पन्न वर्षांच्या प्राध्यापकाने १९५५ मध्ये कागदावर मिळवून दिलं. यापुढे मला डिपेंडन्सी शोधावीशी वाटत नाही.

आणि कॅलॉर्मेन

इथे थांबलो असतो तर छान झालं असतं. पण बीटेकच्या तिसऱ्या वर्षी, होस्टेलवर, मी नार्निया मध्येच सोडून दिलं होतं. कारण 'द हॉर्स अँड हिज बॉय', १९५४. नार्नियाच्या दक्षिणेला वाळवंटापलीकडे कॅलॉर्मेन नावाचा देश आहे. सावळे लोक, पगड्या, वाकड्या तलवारी, गुलामांचे बाजार, लांबलचक अदबशीर बोलणं आणि मनात कपट. 'द लास्ट बॅटल'मध्ये त्यांचा देव टॅश दिसतो: पक्ष्याचं डोकं आणि चार हात. राक्षस म्हणून.

आता चार हातांचा देव माझ्या घरी देव्हाऱ्यात आहे. आजी त्याला रोज दुर्वा वाहते. मला तेव्हा राग आला नाही, लाज वाटली. आपण या पुस्तकात नक्की कुठे उभे आहोत ते अचानक दिसलं.

अरेविस ही धाडसी नायिका कॅलॉर्मेनचीच आहे, हे खरं. शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा कॅलॉर्मेनी सैनिक आहे. हिब्रूत एमेथ म्हणजे सत्य. तो आयुष्यभर प्रामाणिकपणे टॅशची भक्ती करतो, आणि अस्लान त्याला जवळ घेतो. सांगतो, तू टॅशसाठी जे चांगलं केलंस ते माझ्यासाठीच केलंस. १९५६ सालच्या ख्रिस्ती लेखकासाठी हे मोठ्या मनाचं आहे. पण नीट बघा, पुण्य जमा होतं ते अस्लानच्याच खात्यात.

मग मी लुईसचंच हत्यार लुईसवर चालवून पाहिलं. कॅलॉर्मेनचं रॅन्समसारखं भाषांतर करायचं. सुगंध, घुमट, शायरी बाजूला काढायची आणि साध्या शब्दांत सांगायचं. उरतं ते एवढंच: लांब गरम देशात काळे-सावळे लोक राहतात, एखाददुसरा सोडला तर ते वाईट असतात, आणि त्यांचा देव सैतान असतो. वेस्टनच्या भाषणासारखंच हेही कोसळतं. मण्यांची माळ बघून हसणाऱ्या मंगळवासीयांना घडवणारा माणूस कॅलॉर्मेनपाशी येऊन परत बेलफास्टच्या पोटमाळ्यावर जातो, जिथे पूर्व म्हणजे हवा तिथे उचलून ठेवायचं बेट होतं. चांगली लायब्ररी घेताना तिच्यातला जुना बगही आत येतो, आणि कोड चालतोय म्हणून कुणी तपासत नाही.

म्हणून लुईस टाकून द्यायचा का? मी नाही टाकला. ज्याने मला फुगलेलं वाक्य फोडायला शिकवलं, त्याचीच वाक्यं फोडून वाचतो. त्याचा अपमान त्यात आहे असं मला वाटत नाही.

या भागाची स्क्रिप्ट मी रेकॉर्डिंगच्या आधी आईला वाचून दाखवली. नवी नोकरी लागल्यापासून ती सवयच झालीये, कामाचे मेलसुद्धा तिला वाचून दाखवतो आणि "कळलं" म्हणाली तरच पाठवतो. कॅलॉर्मेनपर्यंत तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस. ते सावळ्या लोकांचं लिहिलं तेव्हा, कशावरून म्हणतोस, असं त्याला कुणी विचारलं नाही का?"

मी म्हटलं, विचारणारा एक होता. किर्कपॅट्रिक. पण तो १९२१ मध्येच गेला होता.

तर मंडळी, पुढच्या वेळी ऑफिसातून, बँकेतून किंवा कॉलेजातून एखादा फुगलेला मेल आला, तर आधी घरातल्या कुणाला तरी मराठीत सांगून बघा. कुठे अडकलात ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू.